गच्चीवरची सभा खाली उतरली तेव्हा

तळमजल्यावरचं चार नंबरचं घर रिकामं होणार, हे मला दूधवाल्याने सांगितलं. तिथल्या गृहस्थांनी पुढच्या महिन्यापासून दूध बंद करायला सांगितलं होतं. ते ऐकलं आणि मी दुधाचं पातेलं तसंच हातात धरून पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात नुसतं बनियन, हातात उघडं दूध आणि धाप लागलेली. बाई घाबरल्याच.

"आबा, काय झालं? बसा आधी."

"चार नंबर रिकामा होतोय, खरं का?"

"हो. ते पुण्याला मुलाकडे चालले कायमचे. राजीनामा गेल्या आठवड्यातच आला. नोटीससुद्धा लागली. बोर्ड वाचत नाही का हो तुम्ही हल्ली?"

"वाचत नाही. अक्कांचा अर्ज आहे ना अजून?"

"आहे की. तुमच्याच काळातला अर्ज आहे तो. कोणी रद्द केलेला नाही. आजाराच्या वर्गात त्या पहिल्या." बाई थोडं थांबल्या. "पण आबा, त्या तर धुळ्याला लेकीकडे गेल्यात."

"आणतो मी त्यांना!" मी म्हणालो, आणि इतक्या जोरात म्हणालो की थोडं दूध बाईंच्या उंबऱ्यावर सांडलं.

आमची इमारत जळगावात आहे. तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. आमच्या संस्थेत घरं संस्थेच्या मालकीची असतात आणि सभासदाला राहायचा हक्क असतो. त्यामुळे एखादं घर रिकामं झालं की ते आधी आतल्याच सभासदांना विचारतात. कोणाला खाली यायचं असेल तर तो खाली येतो आणि त्याचं वरचं घर संस्थेकडे परत जातं. आधी हक्क कोणाचा, याचा नियम मी स्वतः लिहिला, सेक्रेटरी होतो तेव्हा. आजारामुळे ज्याला जिना चढवत नाही तो पहिला. मग म्हातारे. मग ज्याचं सभासदत्व जुनं तो. एकाच वर्गात दोघं असतील तर ज्याचा अर्ज आधी तो पुढे. आणि शेवटचं कलम असं, की अर्जदाराने सभेत स्वतः हजर असलं पाहिजे. नाव तीनदा पुकारायचं. उत्तर आलं नाही तर त्या घरापुरता त्याचा हक्क गेला. बाहेरगावी राहून नातेवाइकांकरवी घरं अडवणारे काही जण होते, त्यांच्यासाठी मी ते कलम घातलं होतं. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. एका पानात सगळं बसवलं होतं.

फक्त एक गोष्ट त्या पानात नव्हती. आमची ही सभा भरायची गच्चीवर.

हिशेबाची वार्षिक सभा आमच्याकडे कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, पुरेशी डोकी जमली की उरकते. घरवाटपाची सभा मात्र थंडीत, भरिताबरोबर. बामणोदची हिरवी, लांबट वांगी आणायची, खाली अंगणात कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर भाजायची, साल काढून पातेल्यांतून गच्चीवर न्यायची आणि तिथे बडगीत ठेचायची. बडगी म्हणजे लाकडाची खोल परात, दोघांनी उचलावी लागते अशी. एकीकडे विषय चालू, एकीकडे ठेचणं चालू. पहिल्या वर्षी अंगणात पाण्याच्या टाकीचं खोदकाम निघालं होतं म्हणून सभा वर घेतली. थंडीतलं कोवळं ऊन सगळ्यांना इतकं आवडलं की टाकी बांधून झाली तरी सभा वरच राहिली. तिसऱ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत मात्र पक्का जिना नाही. उभा लोखंडी जिना आहे, कठड्याला हात धरून चढावा लागतो.

ज्याला जिना चढवत नाही त्याला पहिला हक्क, पण तो सांगायला जिना चढून आलं पाहिजे. इतकी वर्षं हे आमच्यातल्या कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं होतं, आणि ते ज्या दिवशी आलं त्या दिवसाबद्दलच मला लिहायचं आहे.

अक्का तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. सरकारी नर्स होत्या. साक्रीकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर लसी घेऊन पायी हिंडण्यात त्यांची नोकरी गेली आणि त्यातच गुडघे गेले. निवृत्त होऊन आमच्याकडे आल्या तेव्हा फक्त तिसरा मजलाच शिल्लक होता. तेव्हा आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. माझ्या बायकोला दमा होता, तिला जिना म्हणजे संकट वाटायचं. तळमजल्यावरचं दोन नंबरचं घर रिकामं झालं तेव्हा अर्ज दोनच होते, अक्कांचा आणि माझा. दोन्ही आजाराच्या वर्गातले. त्यांचा माझ्या आधी आलेला.

सभेच्या दिवशी मी गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी उभा राहून नावं पुकारत होतो. मागे बडगीत दणादण ठेचणं चाललं होतं, पोरं पतंगाच्या मागे धावत होती. मी अक्कांचं नाव पुकारलं आणि जिन्याच्या खालून आवाज आला.

"शे! मी आठे शे!"

आहे, मी इथे आहे. अक्का एरवी आमच्यासारखंच बोलायच्या, पण घाईत किंवा जीव घाबरा झाला की तोंडातून अहिराणी यायची. त्या लोखंडी जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभ्या होत्या, दोन्ही हातांनी कठडा धरून. मागच्या कोणाला ते ऐकू आलं नाही. मला आलं. मी वळलोसुद्धा. मग बायकोचा रात्रभर चालणारा खोकला आठवला आणि मी परत सभेकडे तोंड केलं. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं, भरभर. "अर्जदार गैरहजर," म्हणालो आणि पुढचं नाव वाचलं. ते माझंच होतं.

आम्ही दोन नंबरमध्ये राहायला आलो. बायकोने दाराशी तुळस लावली, मोगरा लावला, अंगणात खुर्ची टाकून बसायला लागली. तिचा दमा वाढला की इंजेक्शन द्यायला कोण यायचं? अक्का. तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी, भिंतीला हात लावत. खाली पोचल्यावर आधी थोडा वेळ माझ्याच दारातल्या खुर्चीवर टेकायच्या, मग उठून सिरिंज धुवायच्या. मी चहा करायचो. दुसरं काही करत नव्हतो.

बायको गेली त्या वर्षीच मी वर जाऊन म्हणालो होतो, "अक्का, माझं घर तुम्ही घ्या, मी तुमच्यात येतो." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गवारीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाल्या, "उपकार नको आबा. हक्काने मिळालं तर घेईन." मग गेल्या पावसाळ्यात त्या जिन्यात पडल्या आणि लेकीने त्यांना धुळ्याला नेलं. तिसऱ्या मजल्यावर कुलूप लागलं. लेक म्हणत होती, आता तिकडचं सभासदत्व सोडून दे. अक्का हो म्हणत नव्हत्या, पण किती दिवस म्हणणार नाहीत?

आणि आता चार नंबर रिकामा!

मी सेक्रेटरीबाईंना म्हणालो, "या वेळी सभा अंगणात घ्या."

"आबा, नोटिशीत स्थळ गच्ची लिहिलंय. आता बदलता येत नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

"मग नवी नोटीस काढा."

"मुदत कुठे उरलीय? आणि या महिन्यात नाही झालं तर समितीची मुदत संपते, वाटप लटकतं." बाई बँकेत नोकरी करतात, नियमाला पक्क्या. मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "सभा नोटिशीप्रमाणे गच्चीवर सुरू झाली पाहिजे. सुरू झाल्यावर सभेनेच बहुमताने ठरवलं तर ती खाली नेता येते. पण ठराव कोणीतरी मांडला पाहिजे, आणि कारण सांगितलं पाहिजे."

कारण. ते माझ्याकडे होतं.

दुसऱ्या मजल्यावर बियाण्यांच्या दुकानाचे मालक राहतात. चार नंबरसाठी दुसरा अर्ज त्यांचाच होता. बायकोचा शिवणक्लास खाली चांगला चालेल असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात काही वावगं नव्हतं. मी धुळ्याला जाणार हे त्यांना कळलं तेव्हा ते दुकानाला निघता निघता गाडी थांबवून म्हणाले, "आबा, अक्कांना आणाल हो. पण गच्चीवर कसं चढवणार? पाळणा बांधणार का?"

"बांधीन!"

"बांधा, बांधा. मी दोर देतो दुकानातून."

त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. धुळ्याला फोन केला तर अक्का नुसतं "बघू" म्हणाल्या. लेक म्हणाली, "आबा, तिला पुन्हा त्या जिन्यात घालायचं नाही मला." मी म्हणालो, जिना चढावाच लागणार नाही, म्हणून तर येतोय.  मी स्टँडवरची एक व्हॅन ठरवली, मुद्दाम बुटकी, पाय उंच उचलावा लागू नये म्हणून. आदल्या दिवशी त्यात स्वतः दोनदा चढून उतरून बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, "काका, विकत घेताय का?"

सभा रविवारी सकाळी अकराला होती. मी उजाडायच्या आत निघालो. एरंडोल, पारोळा मागे पडलं, सूर्य पाठीशी वर आला आणि धुळ्याच्या अलीकडे मी ड्रायव्हरला सांगायला लागलो की माझी बायको भरीत किती सुंदर करायची. तो बिचारा हो हो म्हणत होता. मला गप्प बसवतच नव्हतं.

धुळ्यातल्या देवपुरात लेकीच्या घरासमोर गाडी थांबली तर अक्का ओट्यावर बसलेल्या. धुतलेलं पांढरं लुगडं, पायात चपला, मांडीवर पिशवी, हातात काठी.

लेक दारातून म्हणाली, "बघू म्हणत होती ना? पहाटेपासून पिशवी भरून बसलीय. चहासुद्धा घेतला नाही, मध्येच गाडी आली तर म्हणून."

"लई बोलू नको," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आबा, सदरा उलटा घातलाय तुम्ही."

खरंच उलटा होता. मी तिथेच ओट्यामागे जाऊन सरळ केला. लेक पहिल्यांदा हसली आणि मग तिनेच आईचा हात धरून तिला गाडीत बसवलं. काच खाली करायला लावून मला म्हणाली, "नाही मिळालं तर संध्याकाळी परत आणून सोडायचं. आणि मग हा विषय कायमचा बंद. तिने तसं कबूल केलंय मला." अक्कांनी मान हलवली. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

पारोळ्याला आम्ही अडकलो. जिनिंगच्या फाटकासमोर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली होती आणि एक ट्रॉली आडवी झाली होती. सगळीकडे कापूस. ड्रायव्हर उतरून बघायला गेला. टपरीवाल्याने दोन चहा गाडीतच आणून दिले. मी घड्याळाकडे बघत होतो, अक्का कापसाकडे.

तेव्हा मला वाटलं, आता सांगावं. "अक्का," मी म्हणालो, "त्या दिवशी गच्चीवर..."

"तुमच्या चपला," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"मी खाली उभी होते. मला वरचं काही दिसत नव्हतं, नुसत्या तुमच्या चपला दिसत होत्या, जिन्याच्या तोंडाशी. मी ओरडले तेव्हा त्या वळल्या. माझ्याकडे टोकं करून थोडा वेळ थांबल्या. मग परत वळल्या." त्यांनी चहाचा घोट घेतला. "बठ्ठं म्हाईत शे माले."

सगळं माहीत होतं त्यांना. इतकी वर्षं इंजेक्शन देताना, माझ्या हातचा चहा पिताना, त्यांना सगळं माहीत होतं.

"मग बोलल्या का नाहीत?"

"तुमच्या घरातल्या बाईंची छाती मी रोज तपासायचे. तिला ते घर लागत होतं. तिच्यासाठी गप्प बसले, तुमच्यासाठी नाही." मग जरा रागानेच म्हणाल्या, "म्हणून तुम्ही केलं ते बरोबर होत नाही. विचारलं असतं तर मी कदाचित दिलंही असतं. तुम्ही विचारलंच नाही. गैरहजर म्हणालात. नोकरीत चाळीस पाड्यांना मी एक दिवस गैरहजर नव्हते हो."

मी हात जोडायला गेलो, हातात चहाचा ग्लास होता, तो सदऱ्यावर सांडला.

"गाडीत नको," अक्का म्हणाल्या. "मला काय सांगताय? मला तर माहीतच आहे. जिथे केलं तिथे सांगा." आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ट्रॅक्टरवाल्याला ओरडल्या, "ओ भाऊ! सरका बाजूला! जळगावले सभा शे आमनी!"

मला काय वाटलं ते मी कसं सांगू? लाज तर वाटलीच. पण छातीवरून काहीतरी मोठं उचललं जावं तसंही वाटलं, आणि मी गाडीतून उतरून चक्क ट्रॉली ढकलायला लागलो. चारपाच माणसं होती, त्यांनी मला हाताला धरून बाजूला केलं. "नाना, तुम्ही बसा, कंबर जाईल." ट्रॉली सरळ झाली, रस्ता मोकळा झाला आणि ड्रायव्हरने गाडी अशी काढली की अक्कांनी पिशवी घट्ट धरली आणि हसल्या.

जळगावात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. अंगणात काड्यांची राख धुमसत होती, माणूस कोणी नाही. सगळे वर. वरून बडगीचा दणदण आवाज येत होता. मी माझ्या घरातली खुर्ची आणून कडुलिंबाखाली ठेवली, अक्कांना बसवलं आणि जिन्याकडे पळालो. पळालो म्हणजे माझ्या परीने.

पहिला मजला, दुसरा. तिसऱ्या मजल्यावर अक्कांच्या कुलपाशी मी भिंतीला टेकलो. समोर तो लोखंडी जिना. वर आकाशाचा चौकोन. आणि त्या चौकोनातून सेक्रेटरीबाईंचा आवाज आला. त्या अक्कांचं नाव पुकारत होत्या. पहिला पुकारा!

मी कठडा धरला. पाय उचलेना. बडगी दणदणत होती. मी होता नव्हता तेवढा दम गोळा करून खालूनच ओरडलो, "आहेत! खाली आहेत!"

कोणी ऐकलं नसेल तर? तिथे उभं राहून, वर बघत, उत्तराची वाट बघणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळलं. क्षणभरच. मग चौकोनात बाईंचा चेहरा आला.

"आबा? या, या, हात द्या. ठेचणं थांबवा जरा!"

मी वर गेलो. सगळे सतरंजीवर बसलेले, पत्रावळी मांडलेल्या, लसूण-मिरचीचा वास सुटलेला. मी म्हणालो, अक्का आल्या आहेत, खाली अंगणात बसल्या आहेत.

बियाणेवाले उठले. "आल्या त्याचा आनंदच आहे, आबा. पण खाली म्हणजे सभेच्या स्थळी नाहीत. अर्जदार स्वतः हजर पाहिजे. कलम तुमचंच आहे."

"माझंच आहे," मी म्हणालो. "आणि त्या कलमाचा पहिला फायदा मीच घेतला."

मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो, त्याच जागी. कोणी बस म्हणालं, मी बसलो नाही. जे घडलं ते जसं घडलं तसं सांगितलं. आवाज आला होता, मी वळलो होतो, मग परत वळलो होतो. बायकोच्या दम्याचं सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर सगळ्यांनी मला माफ केलं असतं आणि मला ते नको होतं. शेवटी म्हणालो, "दोन नंबरचं घर मला मिळालं ते अक्का गैरहजर होत्या म्हणून. त्या गैरहजर नव्हत्या. त्या आपल्यापासून एका जिन्यावर होत्या, आणि आजही एवढ्याच लांब आहेत. ही सभा खाली अंगणात न्यावी, असा मी ठराव मांडतो."

 बडगीशी बसलेल्या बाईंनी हातातलं मुसळ खाली ठेवलं. माझ्या वयाच्या एका सभासदाने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. आम्ही रोज सकाळी बरोबर फिरायला जातो. त्या दिवसापासून तो एकटाच जातो. ते मी समजू शकतो.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "ठरावाला अनुमोदन?" आणि कोणी हात वर करायच्या आत, "माझंच अनुमोदन. मतदान घेते. बाजूने?"

हात वर झाले. एक, दोन, मग एकदम पुष्कळ. बायकांचे आधी.

"विरोधात?"

बियाणेवाल्यांचा हात वर गेला, आणखी दोघातिघांचे. ठराव झाला. बियाणेवाले मुकाट्याने उठले, बाह्या वर सारल्या आणि बडगीची एक बाजू धरली.

"तुम्ही तर विरोधात होतात," कोणीतरी म्हणालं.

"ठरावाला विरोध आहे, भरिताला नाही. धरा ती बाजू. आणि आबा, सांडलं तर लक्षात ठेवा, पुढच्या वर्षीची वांगी तुमच्याकडे."

सभा खाली उतरायला लागली! मी आयुष्यात बऱ्याच मिरवणुका बघितल्या, पण अशी नाही. पुढे बडगी, तिच्यापुढे उलटं चालत "पायरी, पायरी" म्हणणारी एक बाई. मागे पुऱ्यांची टोपली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची चळत, ताकाची घागर, गुंडाळलेली सतरंजी, पत्रावळी, एकाच्या डोक्यावर ध्वनिक्षेपक. लोखंडी जिन्यावर बडगी तिरकी झाली तेव्हा सगळी इमारत ओरडली. सेक्रेटरीबाई सर्वांत शेवटी, छातीशी विषयपत्रिका धरून, सभा अजून चालूच आहे अशा गंभीर चेहऱ्याने.

अंगणात कडुलिंबाखाली अक्का ताठ बसल्या होत्या, काठीवर दोन्ही हात. एवढी माणसं, एवढी भांडी आपल्याकडे येताना बघून त्यांनी पदर सारखा केला.  सतरंजी अंथरली गेली. ध्वनिक्षेपकाची तार माझ्या घरातून घेतली.

"पुकारा पुन्हा पहिल्यापासून," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अक्कांचं नाव घेतलं.

अक्का गप्प.

मला वाटलं ऐकू आलं नसेल. मी पुढे सरकलो. बाईंनी हाताने मला थांबवलं, "आबा, तुम्ही नाही बोलायचं." दुसऱ्यांदा नाव घेतलं. अक्का समोर बघत होत्या. ओठ घट्ट. बियाणेवाले मान वाकडी करून बघायला लागले. काय झालं यांना? लेकीला दिलेला शब्द आठवला? माझ्याकडून मिळालेलं घर नको वाटलं? मी वर सगळ्यांसमोर सांगितलं ते त्यांना कळलंच नव्हतं म्हणून? मी तुळशीचा कट्टा धरला. अक्का माझ्याकडे बघत होत्या. तोंडाकडे नव्हे, खाली, पायांकडे. मी हललो नाही. पाय त्यांच्याकडे करून तसाच उभा राहिलो.

बाईंनी तिसऱ्यांदा नाव घेतलं.

"शे!" अक्का म्हणाल्या. ध्वनिक्षेपकाची गरजच नव्हती. "मी आठे शे!"

टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही. सेक्रेटरीबाईंनी हजर असं लिहिलं आणि चार नंबर अक्कांना गेला. कोणीतरी विचारलं, "अक्का, पहिल्यांदा का नाही बोललात? जीव गेला होता आमचा."

"तीनदा पुकारायचा नियम आहे ना," अक्का म्हणाल्या. "मागच्या वेळी पुरतं ऐकायला मिळालं नव्हतं. लई घाई झाली होती कोणाला तरी."

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग मला तोंड फिरवावं लागलं.

जुन्या सभेत लिहिलेलं 'गैरहजर' मला खोडायचं होतं. बाई म्हणाल्या, झालेल्या सभेचं इतिवृत्त खोडता येत नाही. आजच्या सभेत तुम्ही जे सांगितलं ते लिहीन. त्यांनी ते दोन ओळींत लिहिलं, त्यांच्या पद्धतीने. दोन ओळींत मावत नव्हतं म्हणून मी हे इथे लिहिलं. गच्चीवरच्या सभेची रीतही त्याच दिवशी बंद झाली. आता ठरावच आहे, की घराचं वाटप अंगणात.

जेवण झाल्यावर अक्कांना घर बघायचं होतं. पुण्याला निघालेल्या गृहस्थांनी दार उघडून दिलं. दोन नंबर ओलांडून चार नंबरकडे जाताना त्या काठी टेकत माझ्या दाराशी आल्या आणि थांबल्या. मला वाटलं मोगरा बघतायत, बायकोने लावलेला.

"आबा," काठीने खाली दाखवत त्या म्हणाल्या, "तुमच्या चपला वाटेत आहेत."

मी वाकून त्या उचलल्या.